उसनी खुर्ची

खाटेखाली फणस ठेवला आहे. परवा गावाहून आला. पोत्यात आहे, वरून जुनी चादर टाकली आहे, तरी खोलीभर वास सुटला आहे. सकाळी दूध तापवताना दुधालाही फणसाचा वास येतोय असं वाटलं. ट्रंकेतल्या साड्या, मुलीच्या शाळेची पुस्तकं, गुंडाळून ठेवलेली अंथरुणं, सगळं गोड गोड झालं आहे. चाळीतल्या बायका येता-जाता दारातून विचारतात, "पिकला वाटतं?" मी नुसती हसते.

हे कामावरून आले की हातपाय धुण्याआधी खाटेखाली वाकतात. पोत्यावर बोटांनी टकटक करतात, कान लावतात, आणि म्हणतात, "अजून दोन दिस." मग स्वतःशीच मान डोलावतात. रविवारी तो मुलुंडहून घाटकोपरला न्यायचा आहे, माझ्या माहेरी. यांना त्याची इतकी घाई झाली आहे की काल कंपनीतून येताना खोबरेल तेलाची नवी बाटली घेऊन आले.

नवरा माझ्या माहेरी जायला एवढा उत्सुक आहे, याचं मला बरं वाटायला हवं. वाटतंही. पण ते वाकलेले असतात तेव्हा त्यांच्या पाठीकडे मला नीट बघवत नाही. तोंडाने बोलणं मला कधी जमलं नाही. शाळा चौथीत सुटली, पण अक्षर राहिलं. म्हणून दुपारी घरात कुणी नसताना लिहिते आहे.

माझं माहेर घाटकोपरला डोंगरावर. पायऱ्या चढून गेलं की पत्र्याची चाळ. मे महिन्यात तो पत्रा असा तापायचा की दादा त्यावर गोणपाट टाकून पाणी मारायचा. ओल्या गोणपाटाचा वास, खाली नळावरच्या हंड्या-कळश्यांचा आवाज, आणि घरात मधोमध फणस. गावचा माणूस एसटीच्या टपावर टाकून आणायचा. तो आला की त्या रविवारी आम्ही सगळे जमायचो. गिरणीतून घरी बसलेले बाबा, आई, माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी, आणि मुलुंडहून आम्ही.

फणस कापायच्या आधी भांडण व्हायचंच. कापा निघणार की बरका? कापा म्हणजे घट्ट, कडक गऱ्याचा. बरका म्हणजे मऊ, घशातून सरकन उतरणारा. प्रत्येकाने फणसावर थाप मारायची, कान लावायचा आणि आपलं म्हणणं सांगायचं.

"कापो," दादा म्हणायचा.

"बरको. आवाज आयका तरी," वहिनी.

"तुझ्या माह्यारचो नाय हो. तू गप."

"म्हणानच सांगतंय. माझ्या माह्यारचो असतो तर विचारूचीच गरज नाय, कापोच असतो."

"गेल्या वर्सा पण ह्यो कापो म्हणालो," बाबा मध्येच म्हणायचे, "आणि माका फणस चमच्यान खावचो लागलो."

मग गोणपाट अंथरायचं. मधे तेलाची वाटी. सगळ्यांनी कोपरापर्यंत हातांना तेल चोळायचं, नाहीतर फणसाचा चीक असा धरतो की दोन दिवस सुटत नाही. दादा कोयत्याला तेल लावून फणस उभा चिरायचा आणि आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडायचो. एकमेकांच्या कोपरांना कोपरं लागायची. कुणाचा गरा कुणी पळवायचं. आई ओरडायची की आठळ्या टाकू नका, उद्या आमटीत घालायच्या आहेत. मी त्या घोळक्यात बसले की लग्नाआधीची व्हायचे. पदर खोचलेला, तोंड भरलेलं, आणि हसणं एवढं मोठं की मुलुंडला कुणी ऐकलं असतं तर ती मी आहे असं म्हटलं नसतं.

आणि हे? हे खुर्चीवर.

आमच्या घरात खुर्ची नव्हती. कुणाला लागतच नव्हती. शेजारच्या काकूंकडे घडीची लोखंडी खुर्ची होती, ती हे यायच्या आधी वहिनी मागून आणायची. पुसून, पंख्याखाली, भिंतीला टेकवून ठेवायची. "बसा पावणे, बसा." ते बसायचे. हात मांडीवर. त्या खुर्चीची एक पट्टी वाकलेली होती, म्हणून थोडं कडेला सरकून बसावं लागायचं. कितीतरी वर्षं ते असे कडेला सरकून बसले.

जावई म्हणजे मोठा मान. माझ्या आईने त्या मानात कधी कमी केलं नाही. आधी पावण्यांचं पान. ते एकटे जेवायचे आणि आई समोर उभी राहून वाढायची. मग दुसरी पंगत आमची, आरडाओरड्याची. फणसातले चांगले गरे निवडून, आठळी काढून, तंतू सोलून आई वाटीत घालायची. "पावण्यांका नेवन दी गो. त्यांच्या हातांक चीक नको लागूक." वहिनी वाटी घेऊन जायची. वाटीत चमचा. फणसाला चमचा!

बाबा त्यांच्याशी बोलायचे तेव्हा मालवणी बाजूला ठेवून पुस्तकातलं बोलायचे. "काय, बरं आहे ना? कंपनी काय म्हणते?"

"बरं आहे."

"गावाकडे पाऊसपाणी?"

"ठीक आहे."

संपलं. दोघंही एकमेकांकडे बघून मान हलवायचे. मग बाबा वळून आमच्यात यायचे आणि पुन्हा आमच्या गजाली, गप्पा सुरू. हे साताऱ्याकडचे. बाबांच्या गिरणीतल्या मित्राचे पुतणे, तसं हे लग्न जमलं. आम्ही कशावर हसतो ते त्यांना निम्मं कळायचं. उरलेल्या निम्म्याला ते आमच्यामागून थोडे उशिरा हसायचे. तो उशिरा आलेला हसण्याचा आवाज मला ऐकू यायचा. मी मागे वळून बघायचे नाही.

बाबांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मी आईला कधी बाबांशी पाहुण्यांसमोर बोलताना पाहिलं नव्हतं, आणि मी मुळातच भित्री. माहेरचा उंबरठा ओलांडला की मी यांची कुणी नसल्यासारखी सरळ आमच्या माणसांत जायचे ती निघायच्या वेळीच यांच्याकडे यायचे. लोक म्हणायचे, पोरगी किती मर्यादेची. मलाही तसंच वाटायचं.

एकदा घरी परत आल्यावर हे शर्टाची बटणं काढत म्हणाले, "तुझ्या माहेरी मला हात कुठं ठेवावं तेच कळत न्हाय बघ."

मी म्हटलं, "एवढा मान करतात तुमचा!"

ते म्हणाले, "व्हय. मान लई करत्यात." आणि मोरीत तोंड धुवायला गेले.

यांचे हात म्हणजे फिटरचे हात. नखांच्या कडांना ग्रीसची काळी रेघ, रॉकेलने घासली तरी पूर्ण जात नाही. मुलुंडला आमच्या चाळीत कुणाचा स्टोव्ह पेटत नसेल, कुणाची खिडकी अडकली असेल, तर यांनाच हाक. ते हात मांडीवर ठेवून तासन्तास बसणं काय असेल, याचा मी विचारच केला नाही.

विचार केला नाही, असं लिहिलं खरं. पण ते पूर्ण खरं नाही. एका वर्षी असाच फणस होता. भांडण झालं, तेल लागलं, दादाने कोयता चालवला. आणि हे खुर्चीवरून उठले. बाह्या दुमडल्या आणि खाली, माझ्या आणि वहिनीच्या मधे जागा बघून टेकले. हात पुढे केले. तेलासाठी.

सगळे एकदम थांबले. रागाने नाही, गडबडून. जावई जमिनीवर, गोणपाटावर. आई उठायला लागली. दादाच्या हातात वाटी होती, तो माझ्याकडे बघत होता. तेल घालू का, असंच तो विचारत होता, हे मला आज नीट कळतं. मी हो म्हटलं असतं तर घातलं असतं.

मी म्हटलं, "अहो, तुम्ही वर बसा ना."

इतक्या वर्षांत माहेरी सगळ्यांसमोर यांच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य ते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या कोरड्या हातांकडे. हात पँटला पुसले, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी, आणि जाऊन खुर्चीवर बसले. कडेला सरकून.

मी का म्हटलं तसं? तेव्हा स्वतःला सांगितलं की त्यांचा शर्ट खराब होईल. त्यांना जमणार नाही आणि माझी माणसं हसतील. जावयाला कामाला लावलं असं चाळ म्हणेल. खरं कारण लिहायला हात अडखळतो. ते माझ्या शेजारी बसले असते तर मला पदर सोडावा लागला असता, आवाज खाली आणावा लागला असता, पुन्हा कुणाची तरी बायको व्हावं लागलं असतं. वर्षातला तो एक दिवस मला अख्खा हवा होता. माझं माहेर मला एकटीला हवं होतं. ते खुर्चीवर होते तोवर माहेर माझं होतं.

त्यानंतर फणसाच्या रविवारी यांना ड्युटी असायची. ड्युटी मागून घेतात हे मला यांच्या मित्राच्या बायकोकडून कळलं, मी यांना विचारलं नाही. मी मुलीला घेऊन जायचे. येताना स्टीलच्या डब्यात गरे आणायचे. ते दोन खायचे, म्हणायचे, "गोड हायत," आणि डबा पुढे सारायचे. डबा घासला तरी कितीतरी दिवस वास राहायचा. झाकण उघडलं की मला त्यांचे पुढे केलेले हात दिसायचे.

मुलगी तिथे जाऊन जाऊन आमची भाषा शिकली. एकदा जेवताना यांना म्हणाली, "बाबा, माका भात नको." हे हसले, पण नंतर म्हणाले, "आता घरातबी मीच पावणा झालो म्हनायचा." थट्टाच केली होती. मी मुलीच्या ताटातला भात माझ्या ताटात ओढला.

शेजारच्या काकू वहिनीला विचारायच्या, "ह्या वेळीपण खुर्ची नको?" वहिनी म्हणायची, "नको. त्यांना ड्युटी आहे." मी आत आठळ्या वेचत बसायचे.

मग तो मे महिना आला, जो मला आता राहून राहून आठवतो. गावचा माणूस त्या वर्षी मुलुंडला आपल्या भावाकडे उतरला आणि घाटकोपरचा फणस आमच्याच दारात ठेवून गेला. केवढा थोरला! मला तो हलवताही येईना. हे ड्युटीवरून आले, फणसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शनिवारी संध्याकाळी म्हणाले, "उद्याची ड्युटी बदलून घेतली. तू कशी नेणार ह्यो?"

बसमध्ये यांनी फणस मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, "साहेब, मांडीवरच्याचं हाफ तिकीट लागेल हां." सगळी बस हसली, हेही हसले. आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले. हसता येईना. हा माणूस परक्या बसमध्ये किती सहज हसतो, आणि आता थोड्या वेळाने डोंगर चढून आपण त्याला पुन्हा खुर्चीवर नेऊन बसवणार.

पायऱ्या चढताना त्यांनी फणस खांद्यावर घेतला. खाली टॉवेलची चुंबळ. मी मागून. ऊन असं की पायरीला हात लावला तर चटका. मधल्या नळापाशी ते थांबले, फणस कट्ट्यावर टेकवला, तोंडावर पाणी मारलं. सदरा पाठीला चिकटला होता. मला म्हणाले, "तू पुढं हो. मी दारात ठेवतो आन् खाली चहाच्या टपरीवर बसतो. तुमचं झालं की ये."

ते रागावलेले नव्हते. माझी सोय बघत होते.

मी पुढे चालायला लागले. 

दारात आईने पाहिलं. "अगो बाय! पावण्यांच्या खांद्यार!" दादा धावत आला, "अहो पावणे, तुम्ही कशाला? मला निरोप पाठवायचा!" दोघांनी फणस उतरवून गोणपाटावर ठेवला. वहिनी लगबगीने शेजारी गेली, आणि गॅलरीतून ती खुर्ची ओढत आणल्याचा आवाज आला. लोखंडाचा, फरशीवर. हे दारातच उभे, चपला पायात, परत फिरायच्या बेतात.

"वहिनी, खुर्ची नको."

माझा आवाज फुटका निघाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनी चष्मा काढला. मी कोनाड्यातली तेलाची वाटी घेतली, गोणपाटापाशी ठेवली, आणि बाबांच्या देखत यांना म्हटलं, "चपला काढा. इथे बसा. हात पुढे करा."

ते आले. बसले. हात पुढे केले, पण अर्धेच. एकदा परत घेतलेले हात होते ते. मी त्यांच्या तळव्यांवर तेल ओतलं. घाईत निम्मं गोणपाटावर सांडलं. मग मला जी लाज आली, मी वाटी तिथेच टाकून आत पळाले.

 मी चुलीपाशी उभी राहून ऐकत होते. आता जर कुणी "राहू द्या पावणे" म्हणालं, तर सगळं गेलं.

मग दादाचा आवाज आला. "बसलातच आता, तर बोला. कापो काय बरको?"

टकटक. मी दाराआडून पाहिलं. हे फणसाला कान लावून बसले होते, बिघडलेल्या यंत्राला लावतात तसा. "कापा," ते म्हणाले.

"नक्की?"

"व्हय. आवाज घट्ट हाय."

"मी पण कापोच म्हणतंय," दादा म्हणाला.

"बरको," वहिनी म्हणाली. तिच्या हातात ती घडी केलेली खुर्ची अजून तशीच होती.

दादाने कोयता घातला आणि फणस पचकन बसला. सगळा रस गोणपाटावर. बरका!

"गेलो!" दादा ओरडला. "पावण्यांनी वाट लावली!"

"तुम्ही पण कापोच म्हणालात ना!" वहिनी दादाला म्हणाली.

"दोगांकय कानाच्या डाक्टराकडे न्हेवा," बाबा म्हणाले.

पुढची गंमत माझ्यामुळे झाली. तेल बोटांच्या बेचक्यातही लावायचं असतं, ते सांगायचं सोडून मी पळाले होते. यांनी जोरात हात घातला, आणि थोड्या वेळाने त्यांची बोटं एकमेकांना अशी चिकटली की गरा सुटेना आणि बोटंही सुटेनात. त्यांनी हात वर करून सगळ्यांना दाखवला.

"रॉकेल हाड गो!" वहिनीला रॉकेल आणायला सांगत दादा आनंदाने ओरडला. "जावय फणसाक चिकाटलो!"

"आता चिकटलोच हाय, तर ऱ्हाऊ द्या," हे म्हणाले.

बाबा हसायला लागले. दात नसलेल्या तोंडाने, मांडीवर थापा मारत, ठसका लागेपर्यंत. आईने त्यांची पाठ चोळली. डोळे पुसत बाबांनी तिला विचारलं, "हो इतकी वर्सां खय होतो गो?"

कुठे होता हा इतकी वर्षं. सगळे पुन्हा हसले. मी दारात, हातात आठळ्यांचं पातेलं. ते घेऊन मी पुन्हा चुलीकडे वळले.

त्या दिवशी एकच पंगत बसली. संध्याकाळी पायऱ्या उतरताना यांच्या हातांना रॉकेलचा आणि फणसाचा एकत्र वास येत होता. मला वाटलं, काही बोलतील, इतकी वर्षं तू असं का केलंस म्हणून. ते एवढंच म्हणाले, "तुझा बाप लई हसतो गं. मला ठावंच नव्हतं."

पुढचा फणस यायच्या आत बाबा गेले. यांच्या वाट्याला माझ्या बाबांचा तेवढा एक मे महिना आला. बाकीच्या मे महिन्यांत, आले तेव्हाही, त्यांनी बाबांना पाठमोरंच पाहिलं.

आता घाटकोपरला कोयता यांच्याच हातात असतो. दादा निरोप पाठवतो, "पावण्यांक सांग, लवकर येवा." मालवणीही बोलतात, साताऱ्याच्या हेलात, आणि वहिनी पोट धरून हसते. सगळं छान आहे. यांनी मनात काही ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर मला जरा सोपं गेलं असतं.

आत्ता जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला. लिहिणं आवरायला हवं. आता ते खाटेखाली वाकतील, टकटक करतील, आणि मला म्हणतील, "ये, तू पण ऐक." मी त्यांच्याजवळ बसून फणसाला कान लावेन. दर वेळी मला आतून बाबांचंच ऐकू येतं. हो इतकी वर्सां खय होतो गो? त्यांनी आईला विचारलं, पण उत्तर फक्त मला माहीत होतं, आणि ते द्यायचं राहून गेलं.

इथेच होता, बाबा. तुमच्या पाठीमागे, खुर्चीवर. मीच बसवला होता.